ख्रिस्ती माणसानं उपासतापास आणि सणवार पाळावेत का? (योम किप्पूर, लेंट आणि आमच्या घरातला वाद)

नगरी_मुंबईकर

जय ख्रिस्त मंडळी.

विषय घरचा आहे, पण घरात बोलायची सोय उरलेली नाही, म्हणून इथे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून मुंबई. घराणं अमेरिकन मिशनचं. आजीच्या लेखी वर्षात मोठे दिवस दोनच, नाताळ आणि कापणीचा सण. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, तो 'एसपीजीवाल्यांचं' (अँग्लिकन मिशनच्या लोकांचं), आणि हे म्हणताना ती तोंड असं करायची की जणू शेजारणीनं आमच्या उंबऱ्यावर खरकटं टाकलंय. बायको वसईची कॅथलिक. तिच्याकडे राखेच्या बुधवारपासून घरात मटण बंद, शुक्रवारी क्रुसाची वाट, पवित्र आठवड्यात टीव्हीसुद्धा बंद. तिनं पाळायचं, मी त्या दिवसांत ऑफिसजवळ खिमा-पाव खायचा, कोणी कोणाला काही बोलायचं नाही. इतकी वर्षं यात काही अडलं नाही.

धाकटा भाऊ कल्याणच्या पुढे राहतो, आई त्याच्याकडे. तो ज्या नव्या फेलोशिपला जातो तिथे हल्ली 'परमेश्वराचे सण' पाळतात. लेवीय २३ मधले सगळे: वल्हांडण, बेखमीर भाकरी, प्रथमपीक, सप्तकांचा सण, कर्ण्यांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस (म्हणजेच योम किप्पूर), मंडपांचा सण. शिंग फुंकतात. नाताळ 'बाबेलचा' म्हणून बंद, तारा लावायचा नाही. मंडपांच्या सणाला गच्चीवर मांडव घातला तोही गणपतीच्याच डेकोरेटरकडून, पण ते असो.

२०२५ मध्ये योम किप्पूर २ ऑक्टोबरला आला. म्हणजे दसरा, गांधी जयंती आणि हा, सगळं एकाच दिवशी. आदल्या संध्याकाळपासून निर्जळी. आई सत्तरीच्या पुढची, साखरेच्या गोळ्या चालू. कोणी जबरदस्ती केली नाही हे खरं. पण 'विश्वास असेल तर देव सांभाळेल' एवढं वाक्य आमच्या आईला पुरतं. दुपारी चारच्या सुमारास तिला दरदरून घाम, हात थरथर, बोलणं तुटक. खाली दसऱ्याचा स्पीकर, वर ही अशी. वहिनीनं ग्लुकोजचं पाणी पाजलं, अर्ध्या तासात ठीक झाली.

पुढे जे झालं त्यामुळे धागा काढतोय. आईच्या मनानं घेतलंय की उपवास आपल्या हातून मोडला, तेव्हा वर्षभराच्या पापांचं प्रायश्चित्त झालंच नाही. 'तुमचा दिवस पूर्ण झाला नाही' असं तिला तिथल्या कोणीतरी बोललंही. आता ती गप्प असते. भक्तीला जाते, पण प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेत नाही.

तेव्हा विचारायचंय ते हे: ख्रिस्ती माणसाला कुठला उपवास, कुठला सण बांधील आहे? बांधील नसेल तर पाळण्यात अर्थ काय? आणि आईला काय सांगू?

स्पष्टवक्ता_६२

कलस्सैकरांस पत्र, अध्याय २, वचन १६. खाणंपिणं, सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असं पौल स्वच्छ सांगतो. पुढच्याच वचनात हे सगळं सावली आहे, शरीर ख्रिस्ताचं आहे म्हणतो. आईला हे वाचून दाखवा. विषय संपला.

नगरी_मुंबईकर

दाखवलं. ती म्हणाली, 'मग यहोवानं सांगितलं होतं ते काय उगाच?' विषय संपत नाही हो साहेब.

जुनी_पाने

आजीचं तोंड वाकडं का व्हायचं ते सांगतो, कारण त्याला इतिहास आहे आणि आपल्या लोकांना तो कोणी सांगत नाही.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चची, म्हणजे मूळ प्युरिटन वळणाची. प्युरिटनांचं म्हणणं असं की शास्त्रात नाही तो सण पाळू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा होता, तो १६८१ पर्यंत टिकला. तिकडे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियनही त्याच माळेचे. आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले ते त्याच देशातून, आणि त्या देशात नाताळची सार्वजनिक सुट्टी चालू झाली कधी, तर १९५८ साली!

तेव्हा नगरला अमेरिकन मिशनच्या घरात लेंट नव्हता तो लोक ढिले होते म्हणून नव्हे. न पाळणं हेच त्यांचं पाळणं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एसपीजी, म्हणजे अँग्लिकन मिशन, त्याच जिल्ह्यात आलं आणि चर्चचं वर्ष, लेंट, संतांचे दिवस घेऊन आलं. एकाच गावात, कधी एकाच भावकीत दोन मिशनं. मग टोमणे आलेच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि दोघं एका छपराखाली आले. आज भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियलसारख्या जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतही उपवासकाळाच्या भक्ती होतात आणि कोणाला वावगं वाटत नाही. आजी असत्या तर वाटलं असतं.

गंमत बघा. तुमच्या भावाच्या फेलोशिपनं नाताळ बंद केला हा प्युरिटन विचार, आणि योम किप्पूर चालू केला हा प्युरिटनांना झीट आणणारा विचार. दोन्ही एकाच खिशात.

कुपारी_बाय

वसईकर इकडे. वहिनींच्या बाजूनं बोलते.

आमच्यात सक्तीचा उपवास मुळात थोडा आहे हेच लोकांना माहीत नसतं. वर्षातून दोन दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खायची मुभा. १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. मांसवर्ज्य १४ पासून. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगमेहनतीचं काम करणारा यांना सूट. तुमच्या आईंना आमच्या फादरांनी या वयात, या आजारात उपवास करूच दिला नसता. 'घरी बसून रोझरी म्हणा मावशी' म्हणाले असते.

बाकी चाळीस दिवस जे चालतं ते घराघराचं. माझी सासू लेंटमध्ये चहा सोडते, आणि तिच्यासाठी चहा सोडणं काय आहे हे आम्ही घरचेच जाणतो, कारण सकाळी अकरापर्यंत तिच्यासमोर कोणी उभं राहत नाही. चहाचे पैसे एका डब्यात. पवित्र आठवड्यात तो डबा चर्चमधून गरजूंकडे जातो. मला वाटतं उपवासाचा जीव त्या डब्यात आहे. यशया ५८ मध्ये देव हेच म्हणतो ना, भुकेल्याला तुझी भाकर दे, उघड्याला वस्त्र दे, मला असला उपवास पाहिजे.

गावठणकर

ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा मराठी कॅथलिक, गावठणातला. कुपारी_बाय यांना +१, पण जरा आमच्या लोकांची गोम सांगू द्या.

मांसवर्ज्य म्हणजे मटण-कोंबडी वर्ज्य, मासळी चालते. हा नियम युरोपात झाला, तिकडे मासा गरिबाचं जेवण असेल. मुंबईत? आमच्याकडे गोराई-मनोरीला मासळी रोजचीच. लेंटच्या शुक्रवारी आमचा काका पापलेट भरून, बॉटल मसाला लावून, तळून समोर घेऊन बसायचा आणि म्हणायचा, 'आज मांस नाय.' पापलेटचा भाव मटणाच्या वर. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्याकडेही आहे, फक्त साबुदाण्याच्या जागी सरंगा.

आई मात्र शुभ शुक्रवारी फक्त पेज घ्यायची, मीठ घालून, आणि दुपारी तीनपर्यंत तेवढीही नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सणांचं म्हणाल तर आमचा खरा सण आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग वाजतगाजत मिरवणूक. आता गावठणाच्या चारी बाजूंनी टॉवर झालेत, शेत कुठलं? कणसं बाहेरून मागवतो. लोक हसतात, शेती नाही तर सण कशाला? मी म्हणतो, सण नसता तर इथे शेती होती हेही आम्ही विसरलो असतो. बायबलमध्ये आगेरा नाही. पण प्रथमपीक देवापुढे ठेवणं आहेच की. ते आमच्या बापजाद्यांनी हिब्रू पंचांग न उघडता केलं.

विश्वासाने_चाला

मी अशाच एका फेलोशिपमध्ये आहे (धागाकर्त्याच्या भावाच्या नाही). सगळे एका बाजूनं बोलताहेत म्हणून लिहितो.

येशूनं हे सण पाळले. वल्हांडणाला यरुशलेमला गेला, मंडपांच्या सणाला गेला, योहान ७ वाचा. पौलालाही पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेम गाठायची घाई होती, प्रेषितांची कृत्ये २०:१६. जखऱ्या १४ मध्ये तर लिहिलंय की पुढे सर्व राष्ट्रं मंडपांचा सण पाळायला येतील. राष्ट्रं, नुसते यहूदी नव्हेत. आणि २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठे आहे ते कोणी दाखवा. पुनरुत्थानाचा दिवस यहूदी पंचांगापासून तोडला तो ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं. म्हणजे माणसांनी ठरवलेलं चालतं आणि देवानं ठरवलेलं चालत नाही?

आणखी एक. आमच्यातले बरेच जण झोपडपट्टीतून, व्यसनातून आलेत. त्यांना वर्षाला एक चौकट लागते. आधी होती, नवस, जत्रा, वाऱ्या. ती सुटली आणि जागा रिकामी राहिली. तुमच्यासारख्यांना चौथ्या पिढीत सगळं फुकट मिळालंय, त्यामुळे चौकटीची गरज वाटत नाही.

आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच. आमच्या पाळकांनी आजाऱ्यांना आधीच 'तुम्ही करू नका' म्हणून सांगितलं होतं.

जुनी_पाने

@विश्वासाने_चाला, चौकटीचा मुद्दा मनापासून मान्य. नारायण वामन टिळकांनाही तेच उमगलं होतं. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस ख्रिस्ती कीर्तनं करायला उभा राहिला, अभंगांत लिहू लागला, कारण नुसत्या परक्या चालींच्या गीतांवर मराठी माणसाचं पोट भरेना. पण बघा, त्यांनी चौकट शोधली ती अंगणातली. यरुशलेमहून मागवली नाही.

आणि येशू, पौल यांनी सण पाळले ते यहूदी म्हणून जन्मले होते म्हणून. तुम्ही-आम्ही यहूदी नाही, तर आमच्यावर यातलं किती लादायचं हा प्रश्न पहिल्याच पिढीत आला होता. प्रेषितांची कृत्ये १५. यरुशलेमच्या सभेनं परराष्ट्रीयांवर लादलेल्या चारच गोष्टी: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म. सणाचं नाव नाही, उपवासाचं नाही. सण पाळायला बंदीही नाही, हे तुमच्या बाजूनं मीच सांगतो.

डोंबिवलीचा_अच्चायन

मराठी माध्यमात शिकलेला मल्याळी. तुमच्या सगळ्यांचे उपवास ऐकून मला जरा हसू येतंय, माफ करा.

बाबांचं घर ऑर्थोडॉक्स. आमच्याकडे ईस्टरआधी पन्नास दिवस, नाताळआधी पंचवीस, सप्टेंबरात मरियेचे आठ, लेंटच्या आधी निनवेचे तीन, शिवाय दर बुधवार-शुक्रवार. आणि उपवास म्हणजे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. बुधवार-शुक्रवारची चाल फार जुनी, आरंभीच्या मंडळ्यांच्या 'दिदाखे' नावाच्या लहानशा पुस्तिकेत आहे. त्यात कारण दिलंय तेही मजेशीर: ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी करतात, तुम्ही त्या दिवशी करू नका. देव बाजूला, शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसायचं, हा रोग तेव्हापासूनचा.

पण लिहायला आलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आईचं माहेर केरळातल्या पाला गावचं, सिरो-मलबार कॅथलिक. तिथे पवित्र गुरुवारी रात्री घरी बेखमीर अप्पम करतात. तांदूळ-उडदाचं, वाफवलेलं, वर झावळीच्या पातीचा क्रूस. प्रार्थना झाली की घरातला वडील माणूस ते कापतो आणि वयाच्या क्रमानं एकेकाला देतो, सोबत नारळाचं दूध आणि गूळ. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झालाय तिथे करत नाहीत, शेजारी आणून देतात. हा वल्हांडणच आहे. पिढ्यान्पिढ्या चालत आलेला, आणि कोणी त्याचं पोस्टर छापलेलं नाही. आई डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये इडलीपात्रात करायची. शेजारच्या जोशीकाकू नेमकं काय आहे ते विचारून एक फोड घेऊन जायच्या.

तेव्हा 'ख्रिस्ती माणसानं वल्हांडण पाळावा का' याला माझं उत्तर, काही जण पाळतच आलेत. पण ते 'आमचा खरा आणि तुमचा खोटा' असं म्हणत नाहीत.

निरांजन

मी हिंदू, वाचक. विचारू का? तुमच्यात उपवासाला 'चालतं' अशी यादी नाही का? आमच्याकडे बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा चालतो, आणि यातलं एकही मूळ इथलं नाही, सगळं अमेरिका खंडातलं. म्हणजे आमच्या एकादशीत पोर्तुगीजांचा वाटा मोठा!

बाकी प्रश्न गंभीर आहे, पण एक सांगतो. माझ्या आजीचे सगळे उपवास डॉक्टरांनी बंद केले तेव्हा तीही अशीच खंतावली होती. तिला डॉक्टरचं पटलं नाही. गुरुजींनी घरी येऊन सांगितलं की औषधाचं घ्यावं लागतं, दोष नाही, तेव्हा पटलं. ज्याच्या तोंडून नियम ऐकला त्याच्याच तोंडून सूट ऐकावी लागते.

बिरड्याची_उसळ

निरांजन यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी. तुम्ही सगळे ज्या दिवसाबद्दल भांडताय तो दिवस आमचा आहे, आणि आमच्या घरात तो तुमच्याच भाषेत पाळला जातो. माझी आजी योम किप्पूर म्हणत नसे, दरफाळणीचा सण म्हणायची. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर घराबाहेर कोणाशी बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा गाठीभेटी आणि दानधर्म. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. पुरीमला होळीचा सण म्हणायचे. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा, तो वालाच्या बिरड्यानं सुटतो, म्हणून माझं नाव हे.

आता धागाकर्त्यांच्या आईंबद्दल. नीट वाचा आणि त्यांना माझ्या नावानं सांगा.

जिवाला धोका असेल तर योम किप्पूरला खाणं ही आमच्यात सवलत नाही, कर्तव्य आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर उतरली तर त्यानं खायलाच हवं, आणि न खाणं हेच चूक. माझ्या वडिलांना आमच्या सिनेगॉगमधल्या वडीलधाऱ्यांनी सरळ सांगितलं होतं, तुम्ही गोळी घ्यायची, सोबत खायचं, आणि प्रार्थनेला यायचं. ते यायचे, सगळ्यांसोबत शेवटचं शिंग फुंकेपर्यंत बसायचे. त्यांचा दिवस अपूर्ण राहिला असं आमच्यात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ज्यांचा हा उपवास आहे त्यांच्या हिशोबानं तुमच्या वहिनीनं पाजलेलं ग्लुकोजचं पाणी बरोबर होतं.

दुसरं जरा कडू आहे. गच्चीवर शिंग फुंकणं, तालीथ (आमची प्रार्थनेची शाल) पांघरून फोटो काढणं, आमच्या वल्हांडणाच्या ताटातल्या प्रत्येक पदार्थाला 'याचा खरा अर्थ येशू' अशी चिठ्ठी लावणं, हे बघून आम्हाला बरं वाटत नाही. आम्ही मुंबईत, ठाण्यात, अलिबागच्या बाजूला आता थोडेच उरलोय. आम्हाला काही न विचारता आमचं घर कोणी सजवून दाखवतंय असं वाटतं. बघायचं असेल तर पाहुणे म्हणून या. एलियाहू हन्नबीच्या (एलीया संदेष्ट्याच्या) नावानं मलिदा करतो, पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. पोटभर खा.

विश्वासाने_चाला

@बिरड्याची_उसळ, ताई, फोटोंचं समजलं. आमच्या ग्रुपवर टाकतो. पण सण पाळणं सोडणार नाही, ते माझ्यासाठी वचनात आहे.

बिरड्याची_उसळ

पाळा हो. मी कोण थांबवणार. फक्त आजारी म्हातारीला उपाशी ठेवणं वचनात नाही एवढं त्याच ग्रुपवर टाका.

वॉर्ड_सात

नर्स आहे, थोडक्यात लिहिते. साखरेच्या काही गोळ्या (ग्लायमेपिराइडसारख्या) आणि इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिलं तर साखर खाली येते. ७० च्या खाली गेली की उपवास तिथेच थांबवायचा, वेळ बघायची नाही. लगेच साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. गोळ्या आपल्या मनानं बंद करून उपवास करणं हा त्यावर उपाय नाही. उपवास करायचाच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, रमजानच्या आधी कितीतरी पेशंट येतात तसे. आमच्या ख्रिस्ती लोकांतलं असं विचारायला कोणी आल्याचं मला आठवत नाही. 'प्रभू बघेल.'

सायनचा_सायमन

अवांतर: जानेवारीत आमच्या बिल्डिंगमध्ये एकवीस दिवसांचा 'दानिएल उपवास' चालतो. दानिएल १० मध्ये त्यानं तीन आठवडे रुचकर अन्न, मांस, द्राक्षारस घेतला नाही, त्यावरून. उत्तम आहे. पण रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'उपवास – दिवस ७', खाली उगवत्या सूर्याचा फोटो, त्यावर चाळीस जणांचे हात जोडलेले. मत्तय ६ मध्ये येशूनं सांगितलं, उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, कोणाला कळू देऊ नकोस. स्टेटस ठेवू नकोस असं स्पष्ट लिहिलेलं नाही म्हणून चालत असावं.

अतिअवांतर: सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद घ्यावा का यावर कोणी बोलेल का? आमच्याकडे दरवर्षी दारावरच गोंधळ.

धागापाल

प्रसादासाठी वेगळा धागा काढा. मागच्या वेळी करिंथकरांस पत्रावरून दोनशे प्रतिसाद झाले होते आणि दोन आयडी गेले.

कुपारी_बाय

@नगरी_मुंबईकर, तुमचा मधला प्रश्न राहिला, बांधील नसेल तर पाळण्यात अर्थ काय. रोमकरांस १४ बघा. एक जण एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकानं आपल्या मनाशी खात्री करून घ्यावी. जो दिवस पाळतो तो प्रभूसाठी पाळतो, खातो तो प्रभूसाठी खातो, न खाणाराही प्रभूसाठीच. पौल दोघांपैकी एकालाही सोडायला सांगत नाही. दुसऱ्याला तुच्छ मानू नको एवढंच सांगतो. तुमच्या आजी आणि तुमची बायको, दोघी यात बसतात. खिमा-पाववाले तुम्हीही बसता, फक्त तो लेंटमध्ये बायकोला सांगून खा.

जुनी_पाने

@कुपारी_बाय, खिम्यावरून आठवलं. १५२२ च्या लेंटमध्ये झ्युरिकला एका छापखान्यात काही जणांनी मुद्दाम सॉसेज खाल्ली. धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता, त्यानं स्वतः खाल्लं नाही, पण नंतर व्यासपीठावरून त्यांची बाजू घेतली. तिथली धर्मसुधारणा तिथून पेटली. म्हणजे खाणं हेसुद्धा कधी कधी व्रत असतं.

जखऱ्याचा सातवा अध्यायही आईंना वाचून दाखवा. बाबेलच्या बंदिवासानंतर लोक विचारायला येतात, मंदिर पडलं त्याचा पाचव्या महिन्यातला उपवास अजून चालू ठेवायचा का? देव हो-नाही काहीच सांगत नाही. उलट विचारतो, सत्तर वर्षं उपास केलेत ते माझ्यासाठी केलेत का? आणि मग विधवा, अनाथ, परका, गरीब यांच्यावर जुलूम करू नका म्हणतो. आठव्या अध्यायात सांगतो की चौथ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या महिन्यातले हे उपास आनंदाचे सण होतील.

नगरी_मुंबईकर

सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण वाचलं सगळं.

रविवारी कल्याणला गेलो होतो. कलस्सै, रोम, जखऱ्या यातलं काही काढलं नाही. बिरड्याची_उसळ यांचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून आईला मोठ्यानं वाचून दाखवला. 'खायलाच हवं' इथे तिनं थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग विचारलं, 'ही बाई यहूदी आहे? खरी?' म्हटलं, ठाण्याची आहे, बिरडं करते. 'म्हणजे आपल्यातलीच,' म्हणाली. निरांजन, तुमचं म्हणणं बरोबर निघालं.

भावाशी बोलणं झालं, भांडण नाही झालं हेच पुष्कळ. तो सण सोडणार नाही. मी आग्रहही धरला नाही. एवढं ठरलं की आईच्या उपवासाचं तिचा डॉक्टर ठरवेल, पाळक नाही आणि मीही नाही. आणि डिसेंबरात ती आमच्याकडे येईल, तारा आमच्या खिडकीत लागेल. भावाची पोरं पाहुणी म्हणून येतील. त्याला चालेल म्हणाला, पण फोटो टाकू नकोस.

प्रभूभोजनाचं अजून ती काही बोललेली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भायखळ्याला नेतोय, बघू.

@वॉर्ड_सात, गोळी ग्लायमेपिराइडचीच निघाली. तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून वहिनीकडे दिलाय.

विश्वासाने_चाला

आईंसाठी प्रार्थना करतो. पण २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठे आहे ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

गावठणकर

नाहीच आहे तर कुठून सांगणार बाबा. नाताळचे फुगे (आमचे तळलेले गोल पाव) तळणार आहोत, ये.